उद्यमबागेतून निघालेला कंटेनर जहाजावर सुखरूप चढवायचा तर: वजन, बांधणी, सील आणि कागद

बेळगावात बसून समुद्राचे नियम कशाला वाचायचे असं बऱ्याच जणांना वाटतंय. आपल्याकडं ना बंदर ना खाडी, मालक म्हणतोय माल भरा आणि गाडी काढा, बाकी सीएचए (कस्टमचे कागद करणारा एजंट) बघून घेईल. पण फॅक्टरी स्टफिंगमध्ये आपल्याच आवारात कंटेनर भरून आपणच सील मारतो, आणि एकदा दार बंद झालं की तिकडं युरोपात किंवा अमेरिकेत गिऱ्हाईक ते उघडेपर्यंत आत काय आहे, किती वजनाचं आहे, कसं बांधलंय हे सहसा कोणी बघत नाही. कस्टमनं मधेच उघडायला लावला किंवा स्कॅनरला गेला तर गोष्ट वेगळी. बाकी ट्रेलरचा ड्रायव्हर, बंदरातला क्रेनवाला, जहाजावर कुठला डबा खाली आणि कुठला वर ठेवायचा ते ठरवणारा माणूस, कॅप्टन, सगळे आपण कागदावर जे लिहिलंय त्यावरच चालतात. म्हणून हा लेख डिस्पॅचवाल्यांसाठी, सुपरवायझरसाठी, आणि नव्यानं एक्स्पोर्ट सुरू केलेल्या छोट्या मालकांसाठी. उद्यमबाग, मच्छे, नावगे, होनगा इकडचे फाउंड्री आणि मशिन शॉपवाले डोळ्यासमोर ठेवून लिहिलंय, पण निपाणीचा तंबाखू किंवा खानापूर-चंदगडकडचा काजू पाठवणाऱ्यांनाही यातलं बरंच लागू आहे.

गोवा आपल्याला जवळ, पण मुरगावला कंटेनर लाइन्सच्या (जहाज कंपन्यांच्या) सर्व्हिस मोजक्या, त्यामुळं बहुतेक माल हायवेनं मुंबईजवळच्या न्हावा शेवा बंदरालाच जातोय. साधारण पाचशे किलोमीटर, मधे दोन-तीन घाट. हे डोक्यात ठेवा, पुढं लागणार आहे.

आधी एक गोष्ट पक्की करा: शिपर कोण?

शिपर म्हणजे बिल ऑफ लेडिंगवर (जहाज कंपनी देते त्या मालाच्या पावतीवर) माल पाठवणारा म्हणून ज्याचं नाव आहे तो, म्हणजे आपण. सीएचए आणि फॉरवर्डर (जहाजात जागा बुक करून देणारा) आपल्या वतीनं कागद भरतात, चुकीच्या माहितीची जबाबदारी मात्र आपल्यावर येते. २००७ च्या जानेवारीत एमएससी नापोली नावाचं जहाज इंग्लिश खाडीत वादळात तडकलं, मग ते किनाऱ्याला लावलं. तपासणीत डेकवरचे जे साधारण ६६० कंटेनर कोरडे राहिले होते त्यांची वजनं केली तर त्यातल्या १३७ मध्ये कागद आणि प्रत्यक्षात तीन टनांहून जास्त फरक निघाला. जहाज तडकायला मुख्य कारणं दुसरीही होती, पण पाचातला एक डबा खोट्या वजनाचा, हे वाचून जगभर सगळेच हादरले, आणि अशाच सगळ्या प्रकरणांतून पुढं वजनाचा नियम आला. तो नियम सोलास या समुद्रातल्या सुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय करारात बसवला आणि १ जुलै २०१६ पासून लागू झाला. त्याच्याबद्दल खाली सविस्तर सांगतो, कारण लोखंडवाल्यांचा सगळ्यात जास्त गोंधळ तिथंच होतोय.

बुकिंग करतानाच माल काय आहे ते खरं सांगा

फॉरवर्डरला मेल टाकताना "मशिनरी पार्ट्स" एवढंच लिहून सोडायची सवय आहे आपल्याकडं, ती सोडा. कास्ट आयर्नची पंप केसिंग असतील तर तसं लिहा, एचएस कोड (कस्टमचा मालाच्या प्रकाराचा नंबर) कमीत कमी सहा आकडी द्या. युरोपला जाणारा माल असेल तर तिकडच्या कस्टमला जहाजावर चढायच्या आधीच माहिती द्यावी लागते आणि मोघम वर्णन असेल तर तिथंच अडकतंय. अमेरिकेला पण जहाजावर चढायच्या २४ तास आधी माहिती लागते.

आता धोक्याचा माल, ज्याला ट्रेडमध्ये सगळे हॅझ म्हणतात. लोक म्हणतात आपलं लोखंड, त्यात कसलं हॅझ. थांबा जरा. कास्टिंगसोबत टचअपसाठी पेंटचे चार डबे टाकले? पेंट म्हणजे यूएन १२६३ (यूएन नंबर म्हणजे धोक्याच्या मालाचा आंतरराष्ट्रीय नंबर), क्लास ३, पेट घेणारं द्रव. बॅटरीवाला सेन्सर किंवा कंट्रोल पॅनल असलेली हायड्रॉलिक पॉवर पॅक आहे? लिथियम बॅटरीचे वेगळे नंबर आणि वेगळी अट. टर्निंग-बोरिंगचं भंगार कोणी बाहेर पाठवत असेल तर ते तेलकट असलं की आपोआप तापतंय, त्याला यूएन २७९३, क्लास ४.२ आहे. आयएमडीजी कोड म्हणून समुद्रातून जाणाऱ्या धोक्याच्या मालाच्या नियमांचं जे पुस्तक आहे त्यात असे नऊ क्लास आहेत, आणि तुमचा माल त्यात बसतो का नाही हे ठरवायला सप्लायरकडून एमएसडीएस (मालाच्या सुरक्षेची माहिती देणारा कागद) मागवा, त्यातला वाहतुकीचा भाग म्हणजे चौदावा सेक्शन उघडा, तिथं यूएन नंबर लिहिलेला असतोय. दोन मिनिटांचं काम आहे ओ, पण लोक ते पीडीएफ उघडतच नाहीत.

पेंटचे ते चार डबे लपवून टाकायचा मोह होतो कारण हॅझ म्हटलं की भाडं वाढतं, वेगळं पॅकिंग, वेगळं डिक्लेरेशन, लाइन नाही पण म्हणते. तरी लपवू नका. २०२१ मध्ये कोलंबोजवळ एक्स-प्रेस पर्ल जळालं, त्याच्यावर नायट्रिक ॲसिडचा एक कंटेनर गळत होता, तो आधी कतारच्या आणि आपल्या हाझिराच्या बंदरात उतरवायचा प्रयत्न झाला पण जमलं नाही. २०२५ च्या मे महिन्यात कोचीजवळ एमएससी एल्सा ३ बुडालं, ६४० कंटेनरसकट, त्यातल्या १२ मध्ये कॅल्शियम कार्बाइड होतं जे पाण्याला लागलं की पेटणारा वायू सोडतंय. पुढच्याच महिन्यात केरळ किनाऱ्याजवळ वान हाय ५०३ ला आग लागली, ते तर कोलंबोहून न्हावा शेवालाच येत होतं, त्यात चार खलाशी बेपत्ता झाले. आग लागल्यावर खलाशी काय करतो, तर लिस्ट बघतो की कुठल्या डब्यात काय आहे, पाणी मारायचं का नाही. त्या लिस्टमध्ये तुमचे पेंटचे डबे "मशिनरी पार्ट्स" म्हणून असतील तर त्याला काय कळणार?

निपाणीकडच्या तंबाखूवाल्यांसाठी एक वेगळं. माल फ्युमिगेट करून, म्हणजे ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या ठेवून पाठवत असाल तर तो भरलेला कंटेनरच हॅझ धरला जातो, यूएन ३३५९. दारावर कवटीची खूण असलेला इशारा, कुठलं औषध, कुठल्या तारखेला, आणि हवा खेळवली असेल तर ती तारीख, सगळं लिहायचं. गोळ्यांमधून निघणारा फॉस्फीन माणसाला मारतो, आणि तो डबा उघडणारा माणूस तिकडचा कोणतरी गोदामातला कामगार असतोय ज्याला निपाणी कुठं आहे ते पण माहीत नाही.

रिकामा कंटेनर आला की आधी तपासा, मग माल आणा

यार्डातून रिकामा डबा येतोय बहुतेक रात्री, हमाल आणि फोर्कलिफ्टवाला थांबलेले, सगळ्यांना घाई. तरी पंधरा मिनिटं काढा. दाराच्या बाहेर एक धातूची पट्टी असते, तिला सीएससी प्लेट म्हणतात, कंटेनर सुरक्षेच्या १९७२ च्या कराराप्रमाणं. त्याच्यावर डब्याची कमाल वजनाची मर्यादा असते. बनल्यापासून पाच वर्षांनी पहिली तपासणी, मग दर ३० महिन्यांनी, नाहीतर प्लेटवर एसीईपी लिहिलेलं असतंय, म्हणजे लाइन आपल्या पद्धतीनं सतत तपासते. तारीख उलटून गेलेली असेल आणि एसीईपी पण नसेल तर डबा परत पाठवा, भांडण होऊ दे.

मग सात बाजू बघायच्या: समोरची भिंत, डावी, उजवी, फरशी, छत, दारं आतून-बाहेरून, आणि खालचा सांगाडा. भिंतीवर ठोकून बघा, आवाज कुठं भरीव येतोय का, कारण खोटी भिंत लावून त्यामागं भलतंच काही पाठवायचे प्रकार होतात. फरशीवर तेलाचे डाग, आधीच्या मालाचा वास, उचकटलेले खिळे. आधीच्या हॅझचे स्टिकर दारावर राहिलेले असतील तर काढून टाका, नाहीतर बंदरात प्रश्न सुरू.

आणि उजेडाची टेस्ट चुकवू नका. दोघं आत जायचं, बाहेरच्याला दारं लावायला सांगायची, आणि गप्प उभं राहायचं. डोळ्याला अंधाराची सवय व्हायला मिनिटभर लागतंय. मग कुठं कोपऱ्यात, छताच्या जोडाला, दाराच्या रबराजवळ सुईएवढा जरी उजेड दिसला तरी तिथून पाणी येणार. रात्री डबा आला असेल तर उलटं करा, बाहेरच्या माणसाला मोठा टॉर्च घेऊन भिंतीभोवती आणि छतावर फिरवायला लावा. जून ते सप्टेंबरमध्ये तर हे सोडायचंच नाही, आपल्या पावसाबद्दल आणि खानापूरकडच्या पावसाबद्दल वेगळं सांगायला नको. मशिन केलेल्या पार्टवर एक थेंब म्हणजे गंज, आणि गंज म्हणजे अख्खा लॉट रिजेक्ट.

लाकूड

पेट्या, पॅलेट, आतले ठोकळे, जे काय लाकूड आहे त्या सगळ्यावर आयएसपीएम १५ चा (लाकडातून कीड पसरू नये म्हणून असलेल्या आंतरराष्ट्रीय नियमाचा) शिक्का पाहिजे. गव्हाच्या लोंबीची खूण, आयएन (भारताचा कोड), ट्रीटमेंट करणाऱ्याचा नंबर आणि एचटी किंवा एमबी. एचटी म्हणजे लाकडाच्या गाभ्यापर्यंत ५६ अंशाला सलग ३० मिनिटं तापवलेलं, एमबी म्हणजे मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेलं. शिक्क्याच्या पेट्या आणतात आणि पाचरी मात्र मागच्या अंगणातल्या फळ्या कापून मारतात, हे सर्रास चालतंय. तिकडं तपासणीत एक बिनशिक्क्याची पाचर सापडली तरी अख्खा कंटेनर अडकतो. प्लायवूडला हा नियम लागू नाही, त्यामुळं छोट्या गोष्टींना प्लाय वापरलेलं बरं. आणि ट्रीट केलेलं लाकूड पावसात भिजत ठेवू नका, ओल्या लाकडातली वाफ समुद्रात छताला लागून मालावर ठिबकते, मग व्हीसीआय (गंज रोखणारी) पिशवी आणि ओल शोषणारं सिलिका जेल कितीही घाला.

भरायचं कसं

फाउंड्रीवाल्यांचा खरा प्रश्न इथं आहे. कपड्यांचा कंटेनर भरतो तेव्हा जागा संपते, आपल्याकडं आधी वजन संपतंय. वीस फुटी डबा आतून साधारण ५.९ मीटर लांब, २.३५ रुंद, आणि कास्टिंगच्या पेट्यांनी अर्धी फरशी भरली की २२-२४ टन झालेच. मग काय करतात, तर फोर्कलिफ्टवाला पहिल्या पेट्या समोरच्या भिंतीला घट्ट लावतो, सोयीचं पडतं म्हणून दोन-दोन थर चढवतो, आणि दाराकडची अर्धी जागा मोकळी. सगळं वजन ट्रेलरच्या पुढच्या बाजूला. क्रेननं उचलला की एका अंगाला झुकतोय, रस्त्यावर ट्रेलरचे ब्रेक वेगळेच लागतात, आणि फरशीवर एका जागी मर्यादेबाहेर भार येतो. वीस फुटीला लांबीच्या एका मीटरला साधारण साडेचार टन, चाळीस फुटीला तीन टन, एवढाच भार धरून चालायचं.

म्हणून भरायच्या आधी कागदावर चित्र काढा. पेट्या किती, प्रत्येकीचं वजन किती, कुठं ठेवायची. पूर्ण लांबीवर पसरा, मधली रेघ धरून, डावी-उजवीकडं सारखं. डब्याच्या लांबीच्या कुठल्याही अर्ध्यात ६० टक्क्यांपेक्षा जास्त वजन नको हा जुना चांगला ठोकताळा. एकाच जागी बसणारी जड पेटी, समजा मशिनचा चार टनाचा एकच बेड असेल, तर तिच्याखाली लांबीच्या दिशेनं जाड लाकडी ओंडके टाकून भार पसरवा.

मग मोकळी जागा. पेटी आणि भिंत यांच्यात जी फट राहते ती लाकडानं भरायची, चौकट करून, पाचर मारून. नुसता बेल्ट आवळून सोडू नका, कारण डब्याच्या फरशीजवळच्या रिंगा प्रत्येकी साधारण एक टनाच्या हिशेबानं बनवलेल्या असतात. हिशेब करून बघा. २०१४ मध्ये आयएमओ, आयएलओ आणि यूएनईसीई या आंतरराष्ट्रीय संस्थांनी मिळून सीटीयू कोड (कंटेनर भरायचे-बांधायचे नियम) काढला, त्यात रस्त्यावर जोरात ब्रेक मारल्यावर मालाच्या वजनाच्या ०.८ पट धक्का पुढं जातो असं धरायला सांगितलंय. समुद्रात आडवा धक्का पण वादळात तेवढाच. म्हणजे २० टन माल असेल तर १६ टनाचा धक्का. चार बेल्टनं तो कसा अडणार? घर्षण आणि लाकडी अडथळा हेच मुख्य, बेल्ट वरनं मदतीला. पेटीखाली रबराची अँटिस्लिप चटई टाकली तर फार फरक पडतो, स्वस्त पण आहे, आणि आपल्याकडं कोणी वापरत नाही.

वरून घाट आहे. तवंदी उतरताना, खंबाटकीत, खंडाळ्याला, ड्रायव्हर जे ब्रेक मारतोय ते आधी डब्याच्या समोरच्या भिंतीला कळतंय.

शेवटी दाराकडं. शेवटची ओळ दाराला टेकू द्यायची नाही. जाळी किंवा आडवे ओंडके लावून थांबवा, आणि दार बंद करायच्या आधी बाजूला उभं राहून बघा, काही पुढं झुकलंय का. तिकडं दार उघडणाऱ्याच्या अंगावर पेटी पडून माणसं मेलीत.

वजन, म्हणजे व्हीजीएम

व्हीजीएम म्हणजे भरलेल्या डब्याचं पडताळलेलं एकूण वजन. दोन पद्धती चालतात. पहिली, भरलेला डबा काट्यावर तोलायचा. दुसरी, आतली प्रत्येक वस्तू तोलून बेरीज, त्यात लाकूड-बेल्ट-पाचरी सगळं धरायचं, आणि त्यात डब्याचं स्वतःचं वजन मिळवायचं जे दारावर टेअर म्हणून छापलेलं असतंय.

दुसऱ्या पद्धतीचं उदाहरण देतो. १८ पेट्या, प्रत्येकी १,२४० किलो, झाले २२,३२० किलो. लाकूड आणि बांधणीचं सामान २६० किलो. टेअर २,२३०. एकूण २४,८१०. लोक विसरतात ते मधले २६० किलो. आणि दुसरं असं की पेटीवर लिहिलेलं वजन ड्रॉइंगवरनं काढलेलं असतंय, खऱ्या कास्टिंगमध्ये जाडी जरा इकडंतिकडं असते, एका पीसमध्ये दोनशे ग्रॅम म्हटलं तरी हजारो पीसमध्ये काय होतं बघा. पेटी काट्यावर तोलूनच आकडा लिहा.

पहिल्या पद्धतीत गडबड होते ती वेगळीच. भरलेली गाडी काट्यावर घ्यायची आणि त्यातून ट्रेलरचं वजन वजा करायचं, पण ट्रेलरचं वजन कुठून आणलं? आरसी बुकातलं धरलं तर त्यात ड्रायव्हर, क्लीनर नसतात, आणि त्या दिवशीच्या स्टेपनी, ताडपत्री, डिझेलशी ते जुळेलच असं नाही. आणि मधे टाकीत २०० लिटर डिझेल भरलं तर साधारण १७० किलो तिथंच वाढले. म्हणून मला आवडणारी पद्धत अशी: रिकामा डबा घेऊन ट्रेलर आला की आत यायच्या आधी काट्यावर, भरल्यावर परत त्याच काट्यावर, मधे डिझेल नाही, दोन्ही वेळा माणसं खाली उतरवायची. दोन आकड्यांतला फरक म्हणजे आतला माल आणि बांधणी. त्यात दारावरचं टेअर मिळवा आणि दुसऱ्या पद्धतीच्या बेरजेशी जुळवून बघा. दोन्हीत शंभर-दोनशे किलोचा फरक असेल तर काट्याची बारीक चूक समजा, पाचशेच्या वर गेला तर पेट्या मोजा, एखादी जास्त नाहीतर कमी गेली असणार.

काटा शिक्क्याचा पाहिजे. वजनमाप खात्याचं दर वर्षी व्हेरिफिकेशन असतंय, सर्टिफिकेट काट्याच्या केबिनमध्ये भिंतीला लावलेलं असतं, त्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा आणि मुदत वाचा. काही ड्रायव्हर म्हणतात, "ओ साहेब, तिकडं पनवेलकडं स्लिप करून देतेत की, इथं कशाला थांबायचं?" त्याला सांगायचं, अण्णा, स्लिपवर सही माझी असते, चहा घे आणि काट्यावर चल. गाडी न तोलता मिळणाऱ्या स्लिपा कुठं मिळतात ते सगळ्यांना माहीत आहे, पण बंदरात गेटवर परत वजन झालं आणि आकडा जुळला नाही तर डबा बाजूला लागतोय, जहाज निघून जातंय, आणि डिटेन्शनचं (डबा मुदतीपेक्षा जास्त ठेवल्याचं) बिल आपल्या नावावर.

फॉर्ममध्ये काय भरायचं ते एकदा तयार करून ठेवा म्हणजे रात्री धावपळ नको: बुकिंग नंबर, कंटेनर नंबर आणि साइज, सीएससी प्लेटवरची कमाल मर्यादा, व्हीजीएमचा आकडा, काट्याचा पत्ता आणि रजिस्ट्रेशन नंबर, स्लिप नंबर, तोलल्याची तारीख आणि वेळ, माल नॉर्मल का हॅझ, कंपनीचं नाव, आयईसी (आयात-निर्यातीचा कोड), सही करणाऱ्याचं नाव आणि हुद्दा, आणि चोवीस तास उचलला जाईल असा फोन. तो फोन खरंच उचला. हे मी गमतीनं लिहीत नाही, रात्री दोनला टर्मिनलवरनं फोन येतोय आणि तिकडं वॉचमनचा नंबर दिलेला असतो.

व्हीजीएम बरोबर असलं तरी रस्त्याचं वजन वेगळं. डब्याची मर्यादा ३०,४८० किलो असेल म्हणून तेवढं भरायचं नाही, ट्रेलरच्या आरसीवर एकूण वजन किती लिहिलंय ते बघा. २०१८ मध्ये एक्सलची मर्यादा वाढवली खरी, पण जुन्या गाड्यांच्या आरसीवर जुनाच आकडा असू शकतो.

सील

२००४ च्या १ जुलैपासून आयएसपीएस कोड लागू आहे, जहाज आणि बंदर यांच्या सुरक्षेसाठी, अमेरिकेतल्या ११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर आणलेला. त्यामुळं बंदराचं गेट कडक झालं, पण गेटच्या आधीचे पाचशे किलोमीटर आपल्याच हातात.

बोल्ट सील आयएसओ १७७१२ चं, त्याच्यावर एच (हाय सिक्युरिटी) अक्षर कोरलेलं. सेल्फ सीलिंगची परवानगी असणाऱ्यांना २०१७ पासून कस्टमनं आरएफआयडीवालं (रेडिओ चिपनं वाचता येणारं) ई-सील सक्तीचं केलंय. सील मारल्यावर त्याच्या पोर्टलवर आयईसी, शिपिंग बिल (कस्टमचा निर्यातीचा कागद) नंबर, सील नंबर, सील मारल्याची वेळ, कंटेनर नंबर, गाडी नंबर आणि बंदर भरायचं. यातला गाडी नंबर घोटाळ्याचा. वाटेत ट्रेलर बिघडला आणि दुसऱ्या हॉर्सला (ओढणाऱ्या पुढच्या गाडीला) जोडला तर ई-सीलची नोंद आणि ई-वे बिलाचा पार्ट बी (गाडीचा तपशील), दोन्ही बदला.

सील मारताना चार गोष्टी: बघायचं, नंबर कागदाशी जुळवायचा, जोरात ओढायचं, पिरगळायचं. खोटं सील पिरगळलं की उघडतंय. सीलचा साठा कुलपात ठेवा, रजिस्टर ठेवा, आणि एकाच माणसाकडं चावी. ऑफिसच्या टेबलावर पेनांच्या डब्यात सीलं पडलेली मी बघितलीत. दार बंद करताना उजव्या दाराच्या हँडलचे रिव्हेट पण बघा, ते कापून सील न तोडता दार उघडता येतंय.

वाट

ड्रायव्हरचं लायसन्स, आरसी, इन्शुरन्सचे फोटो गाडी आत घेतानाच काढा. कुठं थांबणार ते ठरवून द्या, जेवणाला एखादा पंप किंवा मोठा ढाबा जिथं कॅमेरे आहेत. जीपीएस लावलेली गाडी मागा.

आणि आपल्या भागातला एक खास मुद्दा जो कुठल्याच परदेशी गाइडमध्ये मिळणार नाही. महाराष्ट्र-कर्नाटक सीमेवर वातावरण तापलं की कोगनोळीला नाहीतर हिरेबागेवाडीकडं गाड्या अडतात. २०२२ च्या डिसेंबरमध्ये दगडफेक झाली, एसट्या बंद झाल्या, तेव्हा कट-ऑफ (बंदरात डबा आणि कागद घ्यायची शेवटची वेळ) गाठताना सगळ्यांची दमछाक झाली. त्यामुळं १ नोव्हेंबरच्या (कर्नाटक राज्योत्सव, आपल्याकडं काळा दिवस) आसपास आणि सुवर्णसौधात कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन असतंय तेव्हा गेट कट-ऑफच्या एक दिवस आधी गाडी काढायची सवय लावा. एमएच पासिंग का केए पासिंग हा विचार पण त्या दिवसांत करावा लागतोय, वाईट वाटतं पण खरंय.

कागद आणि कट-ऑफ

शिपिंग बिल, इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट, ई-सीलची नोंद, व्हीजीएम, लाइनला द्यायचं शिपिंग इन्स्ट्रक्शन आणि गेटसाठी फॉर्म १३, यात कंटेनर नंबर, सील नंबर, पेट्यांची संख्या आणि वजन सगळीकडं एकच पाहिजे. नेट, ग्रॉस आणि व्हीजीएम हे तीन वेगळे आकडे आहेत. ग्रॉस म्हणजे माल आणि पॅकिंग, व्हीजीएममध्ये बांधणीचं लाकूड आणि डबा पण येतो. हे दोन सारखे लिहिलेले कागद मी किती वेळा परत पाठवले असतील. एलईओ (कस्टमची निर्यातीची परवानगी) मिळाल्याशिवाय डबा जहाजावर चढत नाही, आणि गेटचा, कागदांचा आणि व्हीजीएमचा कट-ऑफ वेगवेगळा असतोय, तिन्ही वेळा बुकिंगच्या कागदावरनं उतरवून गेटच्या बोर्डावर खडूनं लिहा.

इन्शुरन्सबद्दल थोडंच

बेळगावात सवयीनं सगळे एफओबी न्हावा शेवा लिहितात. त्याचा अर्थ जहाजावर चढेपर्यंत जोखीम तुमची, म्हणजे हायवेचे पाचशे किलोमीटर आणि बंदरातला मुक्काम दोन्ही. गिऱ्हाइकाचा इन्शुरन्स तेवढ्यासाठी चालेलच असं नाही. कंटेनरसाठी एफसीए (माल वाहतूकदाराच्या ताब्यात दिला की जोखीम संपते) जास्त योग्य, इनकोटर्म्स २०२० या व्यापारी अटींच्या नियमांत पण तसंच सुचवलंय. एफओबीच ठेवायचं असेल तर आतल्या वाटेची वेगळी पॉलिसी घ्या.

दुसरं, सगळ्यात मोठी पॉलिसी म्हणजे इन्स्टिट्यूट कार्गो क्लॉज ए घेतली तरी अपुऱ्या पॅकिंगमुळं झालेलं नुकसान त्यात मिळत नाही. म्हणजे पाचर नीट मारली नाही म्हणून पेटी फुटली तर सर्व्हेअर फोटो बघून हात वर करणार. युद्ध आणि संपाचं कव्हर वेगळं घ्यावं लागतं. २०२३ च्या नोव्हेंबरपासून तांबड्या समुद्रात हुथींनी हल्ले सुरू केल्यावर कितीतरी जहाजं आफ्रिकेला वळसा घालून गेली, युरोपचा प्रवास दोन आठवड्यांच्या आसपास लांबला. तेवढे जास्त दिवस माल दमट डब्यात राहतो, तर व्हीसीआय आणि सिलिकाची मात्रा त्या हिशेबानं वाढवा.

फोटोंची फाइल

प्रत्येक कंटेनरला एक फोल्डर. रिकामा डबा आतून, सीएससी प्लेट, दारावरचं टेअर, अर्धा भरलेला, पूर्ण भरलेला बांधणीसकट, एक दार लावलेला, सील जवळून नंबर दिसेल असा, गाडीचा नंबर, काट्याच्या दोन्ही स्लिपा. फोटोत तारीख-वेळ येऊ द्या. व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकून विसरू नका, तिथं फोटो दाबले जातात आणि सहा महिन्यांनी सापडत नाहीत, ऑफिसच्या कॉम्प्युटरवर कंटेनर नंबरच्या नावानं ठेवा आणि पाच वर्षं तरी जपा. पुढं एईओ टी१ (विश्वासू निर्यातदार म्हणून कस्टमची मान्यता) साठी अर्ज करायचा झाला, किंवा गिऱ्हाइकाचा ऑडिटर आला, तर तो पहिल्यांदा हाच प्रश्न विचारतो की मागच्या वर्षीच्या एखाद्या कंटेनरचं सगळं दाखवा, आणि कुठला कंटेनर ते तो ऑडिटरच निवडतो.